मनू कुठे बघतो

आमच्या रंगीत माशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षी निलेशने एक फॉर्म टाकला. नवीन लोकांच्या शंकांना कोणी उत्तरं द्यायची हे ठरवायला प्रत्येकाने स्वतःची पातळी स्वतःच लिहायची होती. नवशिका, बऱ्यापैकी, जाणकार, उस्ताद अशा चार चौकटी होत्या. मी उस्तादवर खूण केली, विचारसुद्धा केला नाही. हिंदमाताजवळच्या माझ्या घरात पाच टाक्या आहेत, एंजल माशांची पिल्लं मी घरात वाढवली आहेत, आणि 'टाकीचं सगळं पाणी एकदम बदलू नका' हे ग्रुपवर इतक्या वेळा लिहिलं होतं की निलेश त्याला सुशांतची आरती म्हणायचा.

चिंचपोकळीला गेलो तेव्हा तो फॉर्म मी गंमत म्हणून तात्यांना वाचून दाखवला. तात्या म्हणजे माझे थोरले काका, दौलत घाडी. आधी मिलमध्ये होते, मग एका गोदामावर वॉचमन झाले, मग नुसते घरी बसले. पण चाळीतल्या त्या एका खोलीत माशांची टाकी कायम होती. हा नाद मला त्यांच्याकडूनच लागला. चारही चौकटी ऐकून ते म्हणाले, "माका काय येता रे? मी फकत पाणी बघतंय."

मी हसलो. खरं सांगायचं तर मला त्यांची थोडी कीव आली. टेस्ट किट नाही, थर्मामीटर नाही. पाणी पिवळट, मागच्या काचेवर शेवाळ, आणि फिल्टरचा स्पंज इतका काळा की तो नळाखाली धरून पिळायला माझे हात शिवशिवायचे. तात्या मात्र रोज सकाळी पाण्यात बोट बुडवून नाकाशी न्यायचे आणि मग ठरवायचे, आज खाणं द्यायचं की नाही. पाणी बदलायचं तर पिंपातलं आदल्या दिवशीचं, तेही एक बादली, त्यावर नाही.

टाकीत एकच मासा होता. हातभर टाकीत वीतभराहून मोठा, काळ्या अंगावर शेंदरी डाग असलेला ऑस्कर. नाव मनू. काका-काकींना मूलबाळ नव्हतं आणि हे नाव नलूकाकीने ठेवलं होतं, त्यामुळे त्यावर कोणी काही बोलायचं नाही. ऑस्कर माणूस ओळखतो. तात्या मोरीतून बाहेर आले की मनूचा एक डोळा त्यांच्यावर लागायचा. ते खिडकीशी गेले की डोळा खिडकीशी, खुर्चीत बसले की डोळा खुर्चीवर. टाकीच्या डाव्या अंगाला नायलॉनच्या पट्ट्यांची लोखंडी खुर्ची होती. मिलची पहिली पाळी सुटली की तात्या साडेतीनला घरी यायचे आणि त्या खुर्चीत चहा प्यायचे. मिल बंद पडून जमाना झाला, पण साडेतीनचा चहा काही सुटला नाही.

मार्चमध्ये तात्या झोपेतच गेले. मुलगा म्हणून करायचं ते सगळं मीच केलं आणि तेरा दिवस काकीकडेच राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी काकीने सवयीने दोन कप चहा केला आणि एक कप खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. तो उचलायला ती वाकली, तेवढ्यात मनू उजव्या कोपऱ्यातून निघाला, डाव्या काचेशी येऊन थांबला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. त्याचे कल्ले तेवढे हलत होते.

"इले बघ," काकी खुर्चीकडे बघून म्हणाली.

"सवय असते गं माशांना," मी म्हणालो. "कप वाजला की तात्या दोन दाणे टाकायचे ना, म्हणून येतो तो."

"आसात," ती म्हणाली, आणि कप तिथेच राहू दिला.

त्या दिवसापासून साडेतीनला ती खुर्चीसमोर जमिनीवर बसायची आणि तात्यांशी बोलायची. कोण भेटून गेलं, कोणाचा फोन आला, गावच्या घराची किल्ली कोणाकडे ठेवली. ती बोले आणि मनू खुर्चीकडे बघत राही. खुर्चीच्या पट्ट्या तात्यांच्या वजनाने मध्ये लोंबल्या होत्या. माझी नजर सारखी त्या लोंबलेल्या जागेकडे जायची आणि मला ते आवडत नव्हतं. एकदा काकी म्हणाली, "मनू बघता तवसर मी एकटी नाय. तो बघूचो थांबलो काय मगे हे खरेच गेले." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुका येता मा रे ह्येचा सगळा?"

"येतं की," मी म्हणालो. "मनू माझ्याकडे लागला. तू काळजीच सोड."

तेराव्याला सुतक फिटलं. घर धुवायला काढलं. शेजारच्या सुंदराबाई सगळ्या रीतीभातींच्या मुखत्यार, त्यांनी दारातूनच बजावलं, "घरातलं साठवणीचं पाणी सगळं ओता हां, थेंब ठेवू नका." पिंप रिकामं झालं, कळशी, हंडा, माठ पालथे पडले. मग काकी टाकीपुढे उभी राहिली. "ता पण पाणीच मा?" ती म्हणाली. "ओतूक होया." आणि तिने माझ्याकडे बघितलं.

नाही म्हणायला मला एक शब्द लागला असता.

पण माझे हात कधीचे शिवशिवत होते. बॅगेत क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली होती. बाकीच्यांनी केलं तर मासा मरेल, मी केलं तर नाही, असं मला अगदी मनापासून वाटलं. मनूला बादलीत काढला, पाणी उपसलं, खडे मोरीत घासले, शेवाळ खरवडलं आणि तो काळा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. ताज्या पाण्याने टाकी भरली, औषध टाकलं, मनूला सोडला. काच दिसेनाशी झाली, मासा हवेत तरंगतोय असं वाटावं. जेवायला आलेली माणसं बघून वाहवा करत होती. मी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो ग्रुपवर टाकले. निलेशने लिहिलं, उस्ताद ते उस्ताद.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. माशाची घाण पाण्यात विरघळते आणि विष होते. ते विष खाणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. ते त्या काळ्या स्पंजात आणि खड्यांवर राहतात. नऊ वर्षं तात्यांनी तेच जपले होते. मी ते तासाभरात मोरीतून वाहवले. आणि हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आरती म्हणजे दुसरं काय होतं?

दुसऱ्या दिवशी मनूचे कल्ले लाल दिसले, म्हणून मी तिथेच थांबलो. तिसऱ्या दिवशी तो वर येऊन तोंड उघडत होता. घरून टेस्ट किट आणलं. नळीतलं पाणी हिरवंगार झालं, म्हणजे टाकीत विष भरलं होतं. तो रंग मी आजवर फक्त दुसऱ्यांनी पाठवलेल्या फोटोंत पाहिला होता आणि त्यांना झापलं होतं. माझ्या टाकीतला जुना स्पंज आणून लावला, सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. तशातही साडेतीनला कप वाजला की मनू तिरका पोहत डाव्या काचेशी यायचा आणि खुर्चीकडे बघायचा. मला ते बघवत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी काकी देवळात गेली असताना तो मेला.

मी त्याला पिशवीत गुंडाळला. काकी आल्यावर सांगितलं, "मनू जरा आजारी आहे. माझ्याकडे नेतो, बरा करून आणतो." ती टाकीकडे बघत बसली आणि नुसती हं म्हणाली. आमच्या बिल्डिंगच्या मागे नांदरुकाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी मी मनूला पुरला. मग दोन दिवस दादरपासून कुर्ल्यापर्यंत दुकानं पालथी घातली आणि तसाच शेंदरी डागांचा, जवळपास तेवढाच ऑस्कर शोधून काढला. काकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी त्याच्यावर भरवसा ठेवला, आता लिहायलाही लाज वाटते.

"बारीक झालो रे," नवा मासा बघून ती म्हणाली.

"आजारपण होतं ना गं."

साडेतीनला तिने चहा केला. स्टुलावर कप ठेवला. मासा फिल्टरच्या मागे अंग चोरून बसला होता, तो हललाच नाही. काकी वाट बघत राहिली. कपावर साय धरली. "आज रुसलो आसा," ती म्हणाली आणि कप मोरीत ओतून आली. दुसऱ्या दिवशीही तो रुसला. आठवडा झाला तेव्हा ती रुसलोबिसलो म्हणायची थांबली. मग तिने दुसरा कप करायचं सोडलं. सुंदराबाई मला फोनवर म्हणाल्या, "अरे, ती जेवत नाही नीट. दिवेलागणीला दिवासुद्धा लावत नाही, अंधारात बसते." तात्यांना मी दुसऱ्यांदा घालवलं होतं, आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं.

आता खोटं बोललोच होतो, तर ते नीट बोलायचं असं मी ठरवलं. ऑफिसचं काम घरून करायची सोय होती. लॅपटॉप घेऊन मी रोज काकीकडे जाऊ लागलो. एकटी राहू नको म्हणून येतो, असं सांगितलं. जेवून ती दीड-दोन तास पडायची. ती घोरायला लागली की मी उठायचो, स्टुलावर कप अलगद वाजवायचो आणि खुर्चीच्या पाठीमागे उभं राहून डाव्या काचेशी एक दाणा टाकायचो. मग पुन्हा कप, पुन्हा दाणा. पहिले चार दिवस तो फिल्टरमागून बघायचा फक्त. पाचव्या दिवशी निघाला. दहाव्या दिवशी कप वाजताच तो डाव्या काचेशी येऊन खुर्चीकडे तोंड करून थांबू लागला, दाणा टाको न टाको. माशाला रिकाम्या खुर्चीकडे बघायला शिकवणारा या मुंबईत मी एकटाच असेन.

अकराव्या दिवशी साडेतीनला मी म्हणालो, "काकी, आज दोन कप कर की."

तिने काही न विचारता केले. कप स्टुलावर वाजला. मासा आला, थांबला, खुर्चीकडे बघू लागला. काकी भिंतीला धरून खाली बसली आणि तेरा दिवसांत जी रडली नव्हती ती ढसाढसा रडली. मग पदराने तोंड पुसून तात्यांना गेल्या पंधरा दिवसांचं सगळं सांगू लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला. त्या रात्री नीट झोप लागली.

पुढचे काही दिवस बरे गेले. काकी जेवू लागली, दिवा लावू लागली. मग एके दिवशी चहा अजून उकळत होता आणि मासा खुर्चीशी येऊन थांबलेला होता. मी मनाशी म्हटलं, गॅसचा आवाज ओळखला असेल. दुसऱ्या दिवशी गॅस पेटायच्या आधीच तो आला. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, साडेतीनला दोन मिनिटं होती. शिकवताना मी दीड ते अडीचच्या मध्ये शिकवलं होतं, साडेतीनला दाणा कधी टाकला नव्हता. साडेतीनचं त्याला कोणी सांगितलं, याचं उत्तर मी शोधलं आणि मिळेना, तेव्हा शोधायचं बंद केलं. खुर्चीकडे पाठ करून बसायला लागलो. पण पाठीला खुर्ची जास्तच जाणवायची, म्हणून पुन्हा वळलो.

गेल्या गुरुवारची गोष्ट. मी पलंगाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसलो होतो. काकी खाली बसून तात्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सांगत होती, डॉक्टर बरे आहेत, सुशांत घेऊन जाणार आहे. मासा खुर्चीकडे बघत होता. बोलता बोलता ती थांबली. मी मान वर केली.

माशाचा डोळा खुर्चीवरून हलला होता. खुर्चीच्या पट्ट्या कुरकुरल्या, वजन उठल्यावर कुरकुरतात तशा. डोळा खिडकीकडे गेला, तिथे थोडा थांबला. मग मोरीच्या दाराकडे. मग सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, पलंगाकडे आला आणि माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर स्थिर झाला. मी उजवा हात हलवून बघितला. त्याने हाताकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी त्याला खुर्ची शिकवली होती. चालणं शिकवलं नव्हतं. चालणाऱ्या तात्यांकडे असं बघायचा तो मनू, आणि तो नांदरुकाच्या बुंध्याशी मातीत होता.

"उठले," काकी हळूच म्हणाली. "तुझ्याकडे इले."

मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर काही दिसलं नसतं, हे मला ठाऊक होतं, आणि न दिसण्याचीच मला भीती वाटली. मी समोर बघूनच बोललो, "तात्या, मनूला मी मारला. पाणी मी ओतलं, स्पंज मी धुतला. हा मनू नाही. मी विकत आणलाय. ह्याला खुर्चीकडे बघायला मीच शिकवलं."

काकीने माझ्याकडे बघितलं नाही.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "मनूचो खालचो ओठ फाटलेलो होतो. ह्येचो नाय. डोळ्यांनी कमी दिसता रे, पण नऊ वर्षां बघलंय मी तेका."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पाणी ओतूक मीच सांगलंय. मीच मारलंय तेका." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "माका त्यातला काय कळता? सांगलंय आणि तुझ्याकडे बघलंय. तुका येता. तू नको म्हणशीत असा वाटला."

इतके दिवस ती समजत होती की मनूला तिने मारलं. पाणी ओतायला सांगितलं म्हणून नवरा घरातून गेला, असं समजून ती अंधारात बसत होती. आणि मी रोज तिच्यासमोर बसून कप वाजवत होतो. मला रडू फुटलं. उस्ताद होतो ना मी. त्या एका क्षणी नको म्हणण्यापुरतंसुद्धा मला काही येत नव्हतं.

"तुझं काही चुकलं नाही गं," मी म्हणालो. "असं केलं की मासा मरतो हे मला माहीत होतं. तरी केलं."

मासा अजून माझ्या खांद्यापाशीच बघत होता. मग तिने मान वर करून त्याच जागेकडे बघितलं आणि विचारलं, "पाणी कसा आसा आता?"

विचारलं कोणाला, ते मला कळलं नाही. मी उठलो. किट कपाटात होतं, ते काढलं नाही. टाकीचं झाकण सरकवलं, बोट पाण्यात बुडवलं आणि नाकाशी नेलं. तात्यांना यात काय कळायचं ते मी कधी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं शेजारी उभा राहून नुसता हसलो होतो. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा वास घेतला. पाण्याला पाण्याचा वास होता.

"मला काही कळत नाही, तात्या," मी म्हणालो. "मला काही येत नाही."

माशाचा डोळा हलला. मोरीच्या दाराकडे गेला, खिडकीशी थांबला आणि मग सावकाश खुर्चीवर आला. नायलॉनच्या पट्ट्या कुरकुरल्या.

"बसले," काकी म्हणाली, आणि स्टुलावरचा निवलेला कप उचलून चहा गरम करायला गेली.